गायींची वेळ

आमचा तागे म्हणजे हट्टाचा कळस. मार्चअखेरच्या रविवारी सगळा डेन्मार्क घड्याळं तासभर पुढे करतो, हा करत नाही. "गायींना कोण समजावणार?" म्हणायचा. गायी विकून दोन वर्षं झाली, तरी घरात वेळ गायींचीच!

त्या रविवारी मी, त्याची शेजारीण, राईचा पाव घेऊन गेले, तर हा नव्या कॉम्प्युटरसमोर घामाघूम. बायकोच्या अंत्यविधीला हा मुलीशी, सिसेलशी, कडाकडा भांडला होता. सहा महिने अबोला. शेवटी बोटीवर नोकरी करणाऱ्या त्या पोरीनेच आपणहून कळवलं: रविवारी चारला आपल्या ट्रकच्या गेममध्ये भेटू, पाचला बोट सुटते, मग दोन महिने नेट नाही.

आणि आज तो गेम सुरू करणारा लाँचरच अडून बसलेला. 'साइन-इन होऊ शकत नाही', एवढंच पालुपद. तागेने कॉम्प्युटर बंद-चालू केला, लाँचर काढून टाकला, पुन्हा घातला. आता दुसऱ्यांदा घालत होता.

"सोड रे आता," मी म्हटलं.

"सोडतो कसला! दूध काढायच्या यंत्राला चाळीस वर्षं पुरून उरलोय मी. आणि चारला अजून अवकाश आहे."

"अवकाश? अरे बाबा, चार पस्तीस झालेत!" मी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. कॉम्प्युटरवर तीन पस्तीस.

"हे मागे कोणी केलं?" मी विचारलं.

"मीच. सकाळी आपोआप पुढे गेलं होतं, नीट केलं."

"नीट केलंस, डोंबल तुझं! घड्याळ चुकलं की आत घेत नाहीत. माझ्या बँकेचंही असंच झालं होतं." माझा संताप संताप झाला. "गायी गेल्या, तागे. आता कोणाची वेळ सांभाळतोस?"

त्याने सेटिंग उघडलं, वेळ आपोआप लागू दिली. लाँचर निमूट उघडला.

गेममधल्या रस्त्याकडेला सिसेलचा ट्रक दिवे लावून उभा होता.

"बाबा? मला वाटलंच, तू गायींच्या वेळेने येणार. म्हणून थांबले."

"चुकलं माझं," तागे म्हणाला. "त्या दिवशीसुद्धा."

दोघांनी पंधरा मिनिटं ट्रक हाकले. मी तोंड फिरवून रडून घेतलं.

तिचा ट्रक दिसेनासा झाल्यावर तागे स्वयंपाकघरात स्टुलावर चढला आणि भिंतीवरचं घड्याळ तासभर पुढे केलं.

"पाच वाजले," तो म्हणाला. "पाव काप, इंगर."