दादाच्या डेकसाठी ब्रश निवडताना

दादाने बंगल्याच्या मागे, खाडीच्या बाजूला, सागाच्या फळ्यांचा डेक बांधला तेव्हा माझ्या पोटात दुखलं. स्पष्टच सांगतो. त्या वर्षांत कशेळीतल्या जमिनी गोदामांना जात होत्या, दारोदारी नव्या गाड्या उभ्या राहत होत्या. त्याचं मला काही वाटलं नव्हतं. आम्हा दोघा भावांच्या वाट्याला जमिनीचे पैसे सारखेच आले होते. त्याने खाडीकाठी बंगला बांधला. मी मानकोली नाक्यावर हार्डवेअर आणि रंगाचं दुकान टाकलं, गावातलं जुनं घर पाडून स्लॅबचं उभं केलं. शिवाय बाबा माझ्याकडे होते. त्या बाबतीत माझं पारडं जड होतं आणि दादालाही ते ठाऊक होतं.

आई गेल्यापासून बाबा माझ्या घरी राहायचे. उभा जन्म त्यांनी खाडीत होडी घातली. मग गुडघे गेले, होडी विकली, आणि ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. ओट्याला मी काळं ग्रॅनाइट घातलं होतं, भिंतीला निम्म्यापर्यंत टाइल्स. फडकं मारलं की काम झालं. बाबांच्या हाताला कसलाही त्रास नको, हे मी चार लोकांत अभिमानाने सांगायचो.

डेक झाल्यावर बाबा संध्याकाळचे काठी टेकत तिकडे जाऊ लागले. आधी चहापुरते, मग जेवूनच परतायला लागले. बायको म्हणाली, जाऊ द्या, तिथून खाडी दिसते त्यांना. मी म्हणालो, आपल्या गच्चीवरूनही दिसते. गच्चीचे जिने त्यांना चढवणार कोण, असं तिने विचारल्यावर मी पेपर उघडला.

एक पावसाळा गेला आणि त्या डेकचा रंग उडाला. सागवान राखाडी पडलं, पार जुन्या खोक्याच्या फळ्यांसारखं. मला बरं वाटलं. पण उन्हाळ्यात दादा दुकानात आला आणि काउंटरला टेकून म्हणाला की पाऊस पडायच्या आत सगळ्या फळ्यांना रंगाचं तेल लावून घेतो. डेककडे दार उघडणारी खालची खोली बाबांसाठी रिकामी केलीय, काम झालं की ते तिकडेच राहायला येतील. माझ्याच काउंटरला टेकून तो हे सांगत होता. त्यासाठी लागणाऱ्या वस्तू मात्र त्याने ठाण्याच्या कुठल्याशा मोठ्या दुकानातून आणल्या होत्या. सख्ख्या भावाचं रंगाचं दुकान असताना. स्प्रे गन, स्पंजाचे रोलर, आणि काय काय. मी तोंडभर हसून छान म्हणालो आणि नंतर गिऱ्हाइकावर विनाकारण खेकसलो.

रविवारी दादाने काम काढलं. मी बघायला गेलो, मदतीला नव्हे. स्प्रे गन चालू झाली आणि खाडीवरच्या वाऱ्याने निम्मं तेल बंगल्याच्या पांढऱ्या भिंतीवर नेऊन घातलं. मग रोलर घेतला. फळ्यांच्या मधल्या फटींत तेलाची तळी साचली आणि कडा कोरड्याच राहिल्या. शेवटी दादाने, भिवंडीचा माणूस करतो तेच केलं. मित्राच्या कारखान्यातून लूमच्या वेस्टचं पोतं आणवलं. आमच्याकडे लूमखाली पडलेल्या सुताच्या गुंत्याने माणूस सगळं पुसतो, हात, मशीन, मोटारसायकलची चेन. डेकच्या ओल्या तेलावर तो गुंता फिरला आणि सगळी कुसळं तिथेच चिकटली. डेकला दाढी फुटली. मी कठड्याला टेकून उभा होतो. इतकी सुखाची सकाळ मला कितीतरी दिवसांत मिळाली नव्हती.

तेवढ्यात बाबांकडे लक्ष गेलं. खुर्चीतून उठून ते फळीवर वाकायला बघत होते. गुडघा वळेना. परत बसले, पुन्हा उठले. होडी विकली त्या दिवशी धक्क्यावर उभं राहून त्यांनी जसं बघितलं होतं, तसंच आता त्या फळ्यांकडे बघत होते. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. त्यातच दादा हात पुसत आला आणि बाबांच्या देखत मला म्हणाला, "तूच सांग आता, काय आणू?"

बाबांच्या देखत विचारलं म्हणून मी पेटलो. शटर उघडून दुकानातलं उत्तमातलं उत्तम काढलं. चिकटलेली कुसळं आणि राखाडी थर घासायला काथ्याचा ब्रश आणि पॉलिश पेपर. तेलासाठी अस्सल केसाचा ब्रश, कारण तो तेल पोटात धरतो आणि सावकाश सोडतो. रुंदी फळीएवढीच, चार इंची, म्हणजे एका ओढीत एक फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत होते. मध्येच थांबलं की तिथे काळा डाग राहतो. फटींसाठी एक बारीक ब्रश. जास्तीचं तेल टिपायला बायकोचं जुनं सुती लुगडं, त्याचे धागे सुटत नाहीत. आणि चार इंची ब्रश मी बांबूच्या काठीला थोडा तिरका बांधला, म्हणजे वाकायला नको. दादाची ठाण्याची खेळणी फिकी पाडायची होती, हे खरं. पण काठीची उंची मी बाबांच्या मापाने तोडली होती.

घासून, धुऊन, दोन दिवस वाळवून पुढच्या रविवारी, फळ्यांवर ऊन यायच्या आत आम्ही सुरुवात केली. बाबांनी माझ्या हातातून काठी घेतली. उभ्यानेच एक फळी ओढली, टोकाला पोचले, मागे सरकले, दुसरी घेतली. दादा फटी भरत होता, मी मागून पुसत होतो. आम्ही तिघांनी एकत्र काही केल्याला वीस वर्षं तरी झाली असतील. लाकूड चिंचेच्या चिंचोक्यासारखं गडद झालं. ठाण्याचं खोकं कोपऱ्यात तसंच पडून होतं. जिंकलो मी.

काम आटोपल्यावर मी ब्रश रॉकेलमध्ये धुतला आणि घरी न्यायला निघालो. बाबांनी तो काढून घेतला. आमच्या होडीवाल्यांत ज्या होडीला तेल लावायचा कुंचा, म्हणजे ब्रश, तो त्या होडीचाच. तो दुसऱ्या होडीला लावत नाहीत, होडीपासून लांबही नेत नाहीत. बाबांनी खालच्या खोलीच्या दाराशी खिळ्यावर तो अडकवला, आणि मला कळायचं ते कळलं. मी तडकलो. माझ्या घरी काय कमी पडलं, असं जरा मोठ्यानेच विचारलं.

"कमी काय न्हाय," बाबा म्हणाले. "पन तुज्या घरान मी निस्ता बसून व्हतो. हितं मना काम हाय."

त्याच आठवड्यात त्यांची पेटी तिकडे गेली. मी ओट्यावर बसून घराकडे बघितलं. ग्रॅनाइट, टाइल्स, अॅल्युमिनियमच्या खिडक्या, स्टीलची जाळी. माणसाने उठून हात लावावा असं मी काहीच ठेवलं नव्हतं.

मग मी सुताराकडून सागाचा एक बाक करून घेतला आणि ओट्यावर ठेवला. पॉलिश करू दिलं नाही. बायकोने विचारलं, मी राहू दे म्हणालो. दादा येता-जाता टोकायचा, अरे तेल लाव, खराब होईल. रंगाच्या दुकानदाराच्या दारात उघडं लाकूड, लोक हसायचे. पावसाळ्यात बाक भिजला आणि राखाडी पडला. मी वाट बघत होतो.

दसऱ्यानंतर एका रविवारी बाबा आले. बसले नाहीत. बाकाभोवती फिरले, तळवा फिरवून बघितला आणि कुंचा मागितला. दादाकडचा आणतो, म्हणालो मी, अगदी साळसूदपणे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या घरात वाढलोच नाही.

"तो तिकडचा हाय. हितला दुसरा दे."

सुट्टीचा दिवस होता. मी स्कूटरवर नाक्यावर गेलो, शटर वर केलं आणि पाच इंची काढला. बाकाच्या पट्ट्या त्याच्या निम्म्यानेही नव्हत्या. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि बाकाला एवढा कशाला, असं विचारलं.

"असू दे," मी म्हणालो. "दादाचा चार इंची आहे."

बाबांनी ब्रश बाकावर ठेवला. मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, आधी खिळा ठोक. ओट्याच्या टाइल्समध्ये खिळा जाईना, ड्रिल आणावं लागलं. एक टाइल तडकली. ती मी अजून बदललेली नाही.