बारीक तंगूस

लातूर जिल्हा नवा झाला आणि लगेच पाऊस रुसला. जिल्हा आला आणि पाणी गेलं, असं गावात म्हणायचे. पीक नाही म्हणून लग्नं नाहीत, लग्नं नाहीत म्हणून कापडाला गिऱ्हाईक नाही. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावातलं दुकान दुपारभर झोपलेलं असायचं आणि आमचे हे तलावावर.

आमच्या लिंगायताच्या घरात मासा कधी शिजला नाही. तरी यांना गळाचं वेड. मी उदगीरहून लग्न होऊन आले त्याच महिन्यात फडताळातला पितळी चमचा नाहीसा झाला. सासूबाईंचा संशय अर्थातच नव्या सुनेवर. तो चमचा मला तलावावर सापडला, दांडी कापून, घासूनपुसून गळाला बांधलेला. जिवंत आमिष लावायचं नाही म्हणून हा चकाकता चमचा. गळाचा उलटा काटा कानशीनं घासून टाकलेला. आणि दोरा कुठला, तर मणी ओवायला आम्ही दुकानात विकायचो तो नायलॉनचा बारीक तंगूस. मासा लागला की खेळवायचा, जवळ आणायचा, डोळे भरून पाहायचा आणि सोडून द्यायचा. मी कडाकडा भांडले.

"खायचं न्हाई तर धरायचं कशाला ओ?"

"त्याला जायचं असंल तर तोडून जाता येतंय की," हे म्हणाले. "बारीक दोऱ्यात पाप न्हाई."

मी तोंड वाकडं केलं. पण खरं सांगते, त्या एका वाक्यासाठी मला हा माणूस आवडायला लागला.

त्या साली ऊसच नव्हता, त्यामुळे गूळ शिजवायची काहील रिकामी पडली होती. ती भलीमोठी लोखंडी कढई यांनी पाण्यात लोटली आणि तीच आमची नाव झाली. काहिलीला ना पुढचं टोक ना मागचं. वल्हं कसंही मारा, ती आपली गोल फिरते. टेकडी यायची, मग बाभळी, मग महादेवाच्या देवळाचा कळस, पुन्हा टेकडी. थोड्या वेळानं फिरतंय कोण तेच कळेनासं व्हायचं. बोलणं आपोआप थांबायचं. घरी घागरीसाठी रांग लावून यायचं आणि इथं पाण्यावर असं तरंगायचं, याची मला लाज वाटायची. सुखही वाटायचं.

चैत्र संपता संपता तलावाचं डबकं झालं. त्यात एक शिवडा उरला होता. शिवडा म्हणजे आमच्या गोड्या पाण्यातला शार्कच. बिनखवल्याचा, लांबलचक, तोंडभर दात. हा उभा केला तर माझ्या छातीला लागला असता. यांच्या तंगुसाला तो दोनदा लागला होता आणि दोनदा तोडून गेला होता. आता आठ दिवसांत पाणी आटणार आणि तो चिखलात तडफडून मरणार. त्याला जिवंत काढून मांजरा नदीच्या डोहात सोडायचा, असं यांनी मनावर घेतलं. दोन रात्री नीट जेवले नाहीत. काठावर बैलगाडी आणली, गाडीत आडवं कापलेलं पत्र्याचं टिपाड पाण्यानं भरून ठेवलं.

मदतीला गावातले म्हातारे भोईकाका आले होते. जन्म मासेमारीत गेलेला. त्यांनी आपला जाड दोर पुढं केला.

"आप्पा, ह्यो लावा. पाच मिन्टात भाईर येतंय. पाणी लई तापलंय, लांबवू नका."

"न्हाई काका. जबरदस्ती न्हाई करायची त्याच्यावर."

तिसऱ्याच फेकीला शिवड्यानं चमचा घेतला. दोऱ्याची चक्री करकरली आणि काहील चालू लागली. मी वल्हं मांडीवर ठेवलं. तो आम्हाला ओढत होता, हलकेच फिरवत होता. हे बोटांवरून तंगूस सोडायचे, पुन्हा गुंडाळायचे, पुन्हा सोडायचे. ऊन डोक्यावरून कलंडलं. खालून कुणी झोळीला झोका देतंय असं वाटत होतं, आणि मी चक्क गुणगुणायला लागले. काठावरून काका दोनदा ओरडले, "दोर टाकू का?" यांनी दोन्हीदा हातानंच नको म्हटलं. शेवटी तो वर आला, काहिलीला लागून उभा राहिला, अगदी शांत.

"बघ, कसा समजून आलाय," हे म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

काहील काठाला लावली, ओल्या पोत्यात धरून त्याला टिपाडात सोडला. तो कलंडला. पांढरं पोट वर आलं. यांनी कोपरापर्यंत हात घालून त्याला सरळ धरलं, पुढं-मागं हलवलं. हात काढला की तो पुन्हा आडवा. बैल जुंपायच्या आधीच त्याचे कल्ले थांबले.

"काय झालं काका?" मी विचारलं.

"दम तुटला, वैनी. दोरानं आला असता तर जीव शिल्लक ऱ्हायला असता. बारीक दोऱ्यानं पळवून पळवून मारलाव त्याला."

यांचे हात पाण्यातच होते. हे म्हणाले, "काका, मी आजपतुर सोडलेले... ते जगले असतील न्हवं?"

भोईकाका रोज सकाळी तलावाचा काठ फिरायचे. काठाला काय येऊन लागतं ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते खाली बसून दोर गुंडाळायला लागले.

"हाव, जगले की," मीच म्हणाले.

यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. ते काकांकडंच पाहत राहिले, आणि काका मान खाली घालून दोर गुंडाळत राहिले.