दुसऱ्या दिवशीचा फोन

लिफ्ट बंद पडली की माणूस आधी बटणावर राग काढतो आणि मग फोनवर. त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला गेली बावीस वर्षं एकच बाई बसलेली होती. तिला सगळे फोनताई म्हणत. पगारपत्रकावर तिचं दुसरं नाव होतं, पण ते महिन्यातून एकदाच लागे, त्यामुळे कुणाच्या लक्षात राहत नसे.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका मोठ्या कंपनीची ही लहानशी शाखा. खाली वर्कशॉप, वर जाणारा अरुंद लोखंडी जिना आणि वरच्या खोलीत साहेबांचं टेबल, फोनताईचं टेबल आणि भिंतभर टांगलेल्या किल्ल्या. शाखेत नऊ मेकॅनिक. त्यांच्यात वडीलधारे म्हणजे पानाकाका. त्यांच्या खिशात पेन नसलं तरी पाना हमखास असे, म्हणून हे नाव. आणि गंमत अशी की दुनियेच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या कंपनीच्या स्वतःच्या इमारतीत लिफ्ट नव्हती. जिना चढून धापा टाकत आलेला प्रत्येक पाहुणा हे एकदा बोलून दाखवायचाच.

तक्रार आली की फोनताई ती डायरीत लिहून घ्यायची. कुठला मेकॅनिक कुठे आहे, कुणाचं काम आटोपत आलंय, कुणाला कुठली लिफ्ट हाताच्या तळव्यासारखी माहीत आहे, हे सगळं तिच्या डोक्यात. लिफ्टमध्ये कुणी अडकलं असेल तर त्याला ती पहिलाच प्रश्न विचारायची, "जेवलात का?" माणूस गोंधळायचा, काय जेवला ते सांगत बसायचा आणि घाबरायचं विसरून जायचा. मेकॅनिकने काम झाल्याचं कळवलं की ती वेळ डायरीत टिपायची.

इथवरचं काम कुठलीही फोनवाली करील. फोनताईची खरी रीत होती ती दुसऱ्या दिवसाची. सकाळी आल्या आल्या, पर्स खुंटीला लावायच्या आधी, ती काल दुरुस्त झालेल्या प्रत्येक लिफ्टच्या ठिकाणी फोन करायची. काल आमचा माणूस येऊन गेला, आज चालतेय ना? आवाज करते का? दार नीट लागतं का? तुम्ही स्वतः खाली उतरून आलात का?

ही रीत तिला एका चुकीने शिकवली होती. नोकरीचं तिसरं वर्ष. एका इमारतीतली लिफ्ट संध्याकाळी दुरुस्त झाली आणि मेकॅनिकची पाठ वळताच पुन्हा बंद पडली. सहाव्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर एकटे राहत. गुडघ्यांनी जवाब दिलेला, त्यामुळे जिना बंद. एकदा तक्रार केली, आता पुन्हा कशाला त्रास द्यायचा, असा त्या भिडस्त माणसाने विचार केला आणि चार दिवस घरातच काढले. औषध दुसऱ्याच दिवशी संपलं होतं. डायरीत मात्र त्या लिफ्टपुढे फोनताईच्या सुंदर अक्षरात 'काम झाले' असं लिहिलेलं होतं. मास्तर वाचले. त्यांनी तिला रागाचा एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि तेच तिला फार लागलं. त्यानंतर एकोणीस वर्षांत तिने दुसऱ्या दिवशीचा फोन एकदाही चुकवला नाही.

आणि मग आली शिस्टिम. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते हिच्यासाठीच असावं. मुख्य कार्यालयाने सगळ्या शाखांना कॉम्प्युटरवर तक्रारी नोंदवायची व्यवस्था दिली. तीन महिने वापरायची, मग तपासणी, मग कायमचा निर्णय. शिकवायला आलेला गृहस्थ अर्ध्या दिवसात सगळं शिकवून मोकळा झाला. तक्रार आली की लाल बटण. मेकॅनिकचा काम झाल्याचा फोन आला की हिरवं बटण, तक्रार बंद. मेकॅनिकच्या मोबाइलवर यादी दिसणार, पण बंद करायचा अधिकार फोनच्या टेबलाचा. समजलं का? समजलं, असं सगळ्यांनी सांगितलं. न समजलेल्यांनी जरा जोरात सांगितलं.

फोनताईला मात्र खरंच समजलं होतं. पन्नाशी उलटली म्हणून बाईला यंत्र कळत नाही, असं मानणाऱ्यांनी तिचा टायपिंगचा वेग पाहायला हवा होता. अडचण वेगळीच होती. मेकॅनिकचा फोन यायचा, तिचा हात हिरव्या बटणापर्यंत जायचा आणि तिथेच थबकायचा. डोळ्यांपुढे ते चार दिवस यायचे. उद्या विचारू आणि मग दाबू, असं म्हणून ती हात मागे घ्यायची. मेकॅनिकची वेळ आपल्या डायरीत आहेच, मग बटण कधी दाबलं याने कुणाचं काय बिघडणार, असा तिचा हिशेब होता. लाल ते हिरवं यांच्या मधला वेळ ती शिस्टिम मिनिटामिनिटाने मोजत बसली आहे आणि तो मेकॅनिकच्या माथी मारते आहे, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात मुख्य कार्यालयातून तक्ता आला. इतर शाखांना एक तक्रार मिटवायला सरासरी साडेतीन तास लागत होते. या शाखेला बावीस तास. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. तक्त्यापाठोपाठ नऊ मेकॅनिकना कामचुकारपणाबद्दल ताकीदपत्रं आली. त्यापाठोपाठ पत्र आलं की सुधारणा झाली नाही तर दोन वरिष्ठ मेकॅनिकची बदली लांबच्या शाखांत होईल. यादीत पहिलं नाव पानाकाकांचं. त्यांची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती. ज्या शाखेत शिस्टिम शिकवल्याप्रमाणे वापरली जात नाही, तिथलं फोनचं टेबल बंद करून तक्रारी मुख्य केंद्रातून घेतल्या जातील.

फोनताईने तक्ता जवळून पाहिला. दवाखान्याच्या इमारतीतली लिफ्ट. त्या दिवशी पानाकाका चाळीस मिनिटांत काम उरकून परत आले होते, तिला पक्कं आठवत होतं. तक्त्यात त्यांच्या नावापुढे तेवीस तास. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोर खुर्चीवर बसून तक्ता वाचत होता.

त्या दिवशी ती गप्प राहिली. हे सांगितलंच पाहिजे, कारण चांगल्या माणसांबद्दल बोलताना आपण त्यांचा घाबरण्याचा दिवस गाळून टाकतो. टेबल गेलं की तिची रवानगी मुख्य कार्यालयाच्या जुन्या कागदांच्या खोलीत होणार होती. पण तिला खोलीची भीती नव्हती. त्या मास्तरांसारख्या माणसांना दुसऱ्या दिवशी मग कोण विचारणार, हा घोर होता. संध्याकाळी भाकरी थापता थापता तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा टपाल खात्यातून निवृत्त झालेला, बोलणं मोजकं.

"हे बघ, तपासणीत सांगितलंस तर टेबल जाईल," तो म्हणाला. "नाही सांगितलंस तर झोप जाईल. टेबलावाचून माणूस जगतो गं."

दोन दिवसांनी तपासणीला मुख्य कार्यालयाची मुलगी आली. तिशीची, जाड चष्म्याची, जिना चढून धापा टाकणारी, आणि लिफ्टबद्दल एकही विनोद न करणारी. साहेबांनी सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून मेकॅनिक भिंतीला टेकून उभे राहिले. मुलीने विचारलं की वेळ का लागतो. साहेबांनी रहदारीला दोष दिला, मग सुट्या भागांना, मग हवेला. तेव्हा फोनताई उठली.

"चूक यांची नाही," ती म्हणाली. "यांचं काम दोन-तीन तासांत होतं. हिरवं बटण मी उशिरा दाबते. कसं दाबायचं ते शिकवलं होतं, मला कळलंही होतं. तरी दाबत नाही."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मुलीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"का?" तिने विचारलं.

तीन महिन्यांत तक्ते आले, पत्रं आली, ताकिदी आल्या, पण 'का' असं कुणी विचारलं नव्हतं. फोनताईने मास्तरांपासून सगळं सांगितलं आणि बावीस वर्षांच्या डायऱ्या कपाटातून काढून टेबलावर ठेवल्या. मुलगी त्याच संध्याकाळी परत जाणार होती, ती थांबली. पुढचे दोन दिवस ती फोनताईच्या शेजारी स्टूल टाकून बसली. सकाळचे फोन तिने कान देऊन ऐकले. एका पुजाऱ्यासारख्या गंभीर आवाजाच्या आजोबांनी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर जरा कुरकुरते म्हणून सांगितलं. अर्ध्या तासात मेकॅनिक तिथे पोहोचला आणि लिफ्ट बंद पडायच्या आत काम झालं. मुलीने ते लिहून घेतलं. मग डायरीतल्या वेळा आणि शिस्टिममधल्या वेळा शेजारी शेजारी मांडल्या, आणि शेवटी तिने कुणाच्या मनात न आलेली एक गोष्ट केली. दुरुस्त झालेली लिफ्ट आठ दिवसांत पुन्हा किती वेळा बिघडली, हे तिने सगळ्या शाखांचं काढून पाहिलं.

साडेतीन तासांत काम मिटवणाऱ्या शाखांत शंभरातल्या सत्तावीस लिफ्ट आठवड्याच्या आत पुन्हा बंद पडत होत्या. पुन्हा लाल, पुन्हा हिरवं, आणि प्रत्येक वेळी शाबासकी. या शाखेत शंभरातल्या चार. आणि डायरीप्रमाणे इथल्या मेकॅनिकना लागणारा वेळ होता तीन तास दहा मिनिटं. मुलीने अहवालात हे सगळं लिहिलंच, पण वर एक वाक्य घातलं: शिस्टिम नापास झालेली नाही, आपण तिला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

पंधरा दिवसांनी मुख्य कार्यालयातले मोठे साहेब स्वतः आले. ताकीदपत्रं मागे घेतली, बदल्या रद्द झाल्या, टेबल राहिलं. शिस्टिमही राहिली, फक्त मेकॅनिकच्या वेळेची नोंद वेगळी आणि विचारपुशीची वेगळी, आणि ही विचारपूस आता सगळ्या शाखांना लागू. मोठ्या साहेबांनी फोनताईला विचारलं की या फोनला किती मिनिटांची मर्यादा ठेवावी. बावीस वर्षांत तिचं मत विचारायची ही पहिलीच वेळ. तिने फार विचार केला नाही.

"याला घड्याळ लावू नका साहेब," ती म्हणाली. "घाईत विचारलं की माणूस घाईत हो म्हणतो."

मोठे साहेब हसले आणि त्यांनी ते मान्य केलं. फोनताईचा जीव भांड्यात पडला. तिने तपासणीच्या मुलीचे दोन्ही हात धरले. "तुमचे उपकार कसे फेडू?" असं ती म्हणाली, आणि ते नुसतं म्हणायचं म्हणून नव्हतं.

"माझे कसले," मुलगी म्हणाली. "आणि ताई, एक सांगू? मेकॅनिकच्या मोबाइलवर तक्रार कधी बंद झाली ती वेळ दिसते. मी शिस्टिमच्या नोंदीत पाहिलंय, सगळ्यांनी ती रोज उघडून बघितली होती. पहिल्या आठवड्यापासून."

फोनताईला आधी उलगडा होईना. मग झाला, आणि ती कठड्याला धरून तो लोखंडी जिना उतरली. खाली वर्कशॉपमध्ये पानाकाका चिंधीने हात पुसत होते. बाकीचे आठ जण अवजारं आवरत होते.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

पानाकाकांनी चिंधीची घडी घातली. "होतं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

तीन महिने या माणसांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. ताकीदपत्रावर सह्या केल्या, साहेबांची बोलणी खाल्ली, आणि रोज सकाळी वर येऊन तिच्याकडूनच कामाची यादी घेऊन गेले.

"अहो, मग बोलायचं नाही का?" फोनताईचा आवाज चढला. "बदलीचं पत्र आलं होतं तुमचं. आईंना कोणी बघितलं असतं?"

"भावाकडे सोय लावली होती," पानाकाका म्हणाले. "नऊ जणांनी बसून ठरवलं होतं ताई. बोललो असतो तर तुमचं टेबल गेलं असतं. आम्ही जातो, नट आवळतो, निघून येतो. सकाळी ताई विचारणार आहेत, हे माहीत असतं म्हणून दुसऱ्यांदा आवळून बघतो. तो फोन गेला असता तर आमच्या हातांची सवयच बिघडली असती. बदली काय, कुठेही झाली तरी काम लिफ्टचंच."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी सांगून मोकळ्या झाला असता."

यावर आठही जण हसले, कारण ते खरं होतं. फोनताई पुढे झाली आणि वंगणाने काळे झालेले एकेकाचे हात आपल्या हातात घेऊन, मी तुमची आभारी आहे, असं प्रत्येकाला म्हणत गेली. पाचव्यापर्यंत तिला ते नीट जमलं. उरलेल्या चौघांना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी हात सोडवून घेतले नाहीत.