बोरीचा कळप बोरीत नव्हता

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा माझ्या स्क्रीनवर सगळ्या टेस्ट पास दिसत होत्या.

"मॅडम, मी बोरी गावात लस कालवून बसलोय. एकही मेंढी आलेली नाही."

हे एका संस्थेचे जनावरांचे डॉक्टर. त्यांच्यासाठी आमच्या परभणीच्या कंपनीने ॲप बनवलं होतं. कंपनी म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरचा मजला आणि सहा जण. कोणत्या कळपाला लस कधी द्यायची हे ॲप ठरवतं, मेंढपाळाला मेसेज पाठवतं आणि डॉक्टरांना यादी देतं. ही लस एकदा कालवली की काही तासांत वापरावी लागते. त्या दिवशीची फेकावी लागली.

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका, म्हणजे बग, शोधते. आम्ही अजाईल पद्धतीने काम करतो. म्हणजे वर्षभर खपून एकदम सगळं द्यायचं नाही, दोन-दोन आठवड्यांनी थोडं थोडं द्यायचं. त्या दोन आठवड्यांना स्प्रिंट म्हणतात. टेस्ट आधी साध्या वाक्यात लिहितो: परिस्थिती अशी असेल आणि अमुक घडलं, तर ॲपने असं वागावं. ग्राहकाला वाचून कळेल असं ते वाक्य हवं. मग त्याप्रमाणे होतंय का, हे कॉम्प्युटर तपासतो.

आमचं वाक्य होतं: कळप बोरीचा असेल आणि लशीची तारीख आली, तर बोरीच्या शिबिराच्या यादीत त्याचं नाव यावं.

नाव आलं होतं.

मी आमच्या संतोष सरांकडे गेले. कंपनी त्यांचीच.

"बग कुठंय?" त्यांनी विचारलं.

"बग नाही."

"मेसेज गेला?"

"गेला. पोचला पण."

"मग मेंढपाळानं यायला पाहिजे होतं."

"सर, ते वाक्य आपण त्यांना कधी वाचून दाखवलंय?"

"डॉक्टरांनी ओके केलंय."

"डॉक्टरांकडे मेंढ्या नाहीत."

सरांनी यादी पुन्हा उघडून पाहिली. मग म्हणाले, "एक दिवस जाऊन ये. आधी कामांच्या बोर्डावर टास्क टाक."

दुसऱ्या दिवशी बोरीला गेले. यादीतल्या पहिल्या घराला कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, ती माणसं कळप घेऊन येलदरी धरणाकडे चरायला गेलीत. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी येऊन मला जीपमध्ये घेतलं.

येलदरीच्या अलीकडे एका मोकळ्या रानात कळप बसला होता. गयाबाई, म्हणजे कळपाच्या मालकीणबाई, एका कोकराचं तोंड पुसत होत्या. तोंडात फोड आले होते. डॉक्टर काही न बोलता खाली बसले आणि एकेक कोकरू तपासायला लागले. आठवड्यात चार गेली होती. लस त्याच रोगाची होती.

मला वही काढायची लाज वाटली. तरी काढली आणि आमचं वाक्य वाचून दाखवलं.

"ताई, कळप बोरीचाच हाय," गयाबाई म्हणाल्या. "पर दिवाळी झाली की आमी निघताव. पावसाळ्याच्या तोंडाला माघारी."

"मेसेज मिळाला नाही का?"

"मिळाला की. मालकानं वाचला. बोरीला या म्हनलाय. येवढा कळप घिऊन दोन दिवस मागं चालायचं, अन् आजारी कोकरं खांद्यावर?"

"मग कळवायचं होतं."

"त्या मेसेजला उलट बोलता येतंय व्हय?"

येत नव्हतं. ते काम आम्ही पुढच्या स्प्रिंटसाठी ठेवलं होतं.

"मग आता तुम्हीच सांगा, काय लिहू?"

त्यांनी कोकरू खाली ठेवलं. "लिवा. कळप बोरीचा असंल, पर चरायलाय येलदरीला, तर डाक्टरनं येलदरीला यावं. कुठं हाव ते आमाला आधी इचारावं."

मी सहा वर्षं ग्राहकांकडून अशी वाक्यं मागतेय. इतकं स्वच्छ कोणी दिलं नव्हतं.

डॉक्टरांनी आजारी कोकरं वेगळी काढून औषध दिलं. उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी येऊन लस टोचली.

ऑफिसात मी ते वाक्य जसंच्या तसं टेस्टमध्ये घातलं. टेस्ट फेल झाली. व्हायलाच हवी होती, ॲपला त्यातलं काहीच येत नव्हतं.

"शुक्रवारी डेमो आहे," सर म्हणाले. मग वाक्य पुन्हा वाचून विचारलं, "हे 'चरायलाय' असंच ठेवायचं?"

"ग्राहकाची भाषा आहे."

सरांनी संस्थेला फोन केला आणि डेमो पुढे ढकलला. कारण विचारल्यावर म्हणाले, "आमचं चुकलं." त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

आता तारखेच्या आठ दिवस आधी ॲप विचारतं, कळप कुठे आहे? मेंढपाळ मिस्ड कॉल देतो, डॉक्टर परत फोन करून ठिकाण लिहून घेतात. पुढचं शिबिर त्याच रानाजवळ झालं आणि इतके कळप आले की लस पुरली नाही, दुसऱ्यांदा आणावी लागली.

गयाबाईंची एकूण सात कोकरं गेली. त्यांची नोंद आमच्या कुठल्याच रिपोर्टमध्ये नाही, कारण त्या काळात ॲपमध्ये एकही बग नव्हता.

आता टेस्टच्या प्रत्येक वाक्यापुढे मी एक रकाना ठेवते: हे कोणाला वाचून दाखवलं? तिथे ऑफिसातल्याच कोणाचं नाव असेल, तर ते वाक्य अजून लिहायचंय असं मी धरते.