सोमवारचा बांगडा

रोझीटीचर गेल्याचा फोन त्यांच्या भाचीने केला, तेव्हा मी त्यांच्या बोक्यासाठी उकडलेल्या बांगड्याचे काटे काढत होते. "बरं," एवढंच मी म्हटलं आणि काटे काढत राहिले. पडवीत कौलाच्या काचेतून उन्हाचा तुकडा पडला होता. त्यात तो बोका, पेद्रू, झोपला होता, पोट वरखाली होत होतं...

टीचर आमच्या शेजारच्या. मी चौथी शिकलेली, त्यातही कोणाशी बोलायचं तर जीभ टाळूला चिकटते. तरी ऑपरेशनसाठी गोव्याला जाताना त्यांनी पेद्रू माझ्याकडेच दिला. त्याला मधुमेह. दोन वेळा इन्सुलिन. आधी चार दिवस येऊन त्यांनी माझं घर तयार करून घेतलं. औषधाची बाटली फ्रिजच्या दारात नको, दार आपटतं. बर्फाजवळही नको. मधल्या खणात, डब्यात. तो पाणी फार पितो म्हणून दोन वाडगे, आणि मागच्या दाराशी वाळूचं पसरट घमेलं. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड बाटलीत. दुधाचं पातेलं कायम झाकलेलं. मग सरावासाठी एक सुई आणि एक मोसंबं हातात दिलं आणि म्हणाल्या, "टोच."

"टीचर, माझो हात थरथरता."

"थरथरूंदे गो शालन. बोको काय परीक्षा घेणा नाय. आधी खावक, मगे सुई. खाल्ल्यान नाय, तर सुई नाय. आणि येळ चुकव नको."

माझ्या सासूबाई दारातून बघत होत्या. "माझी साखर वाढली तेव्हा कोणी इतको थाट करूक नाय. बोक्याक बघ, जावयाचो मान!" टीचर इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली.

शनिवारी फोन आला, रविवारी त्यांना पुरलं. मी देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, फाटकाबाहेरच उभी राहिले. आत जायला धीर झाला नाही. आतलं गाणं लांबून, पाण्याखालून यावं तसं येत होतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार, पेद्रू आमच्याकडे आल्यापासूनचा पहिलाच. आमच्याकडे सोमवारी मासे नाहीत, अंडंही नाही. मी पेद्रूपुढे डाळभात ठेवला. त्याने हुंगलं, तोंड फिरवलं. घड्याळात सकाळचे सात वाजले. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं, येळ चुकव नको... आणि मी सुई दिली.

नऊच्या सुमाराला तो उठला तर मागचे पाय दुमडले. चालताना भिंतीवर कलला. डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हते. तेव्हा कुठे मला टीचरांचं आधीचं वाक्य आठवलं, खाल्ल्यान नाय, तर सुई नाय. मी खाली बसले. त्यांची एकच गोष्ट माझ्याकडे होती, आणि ती मी घालवत होते.

पेद्रूच्या डॉक्टरांचा नंबर टीचरांनीच फ्रिजवर चिकटवला होता. मी फोन हातात घेऊन नुसती उभी.

"लाजतस कित्याक? बोल गो!" सासूबाई ओरडल्या.

मी बोलले. सगळं, चुकीसकट. डॉक्टर म्हणाले, "त्याची साखर फार उतरलीय. साखरेचं पाणी बोटाने हिरड्यांना लावा, थोडं थोडं. आणि ताबडतोब घेऊन या." पाणी सासूबाईंनीच कालवलं. रिक्षाभर मी बोट त्याच्या हिरड्यांवर फिरवत होते. दवाखान्याच्या दारात त्याने ते बोट चावलं. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "सोमवारी त्येका भायर चुलीर भाजून घाल. देवाक काय ता मी सांगतय."

आता दर सोमवारी मी अंगणातल्या चुलीवर एक बांगडा भाजते, बिनमिठाचा. पेद्रू खातो, मगच सुई. इतकी वर्षं सोमवारी सकाळी टीचरांच्या स्वयंपाकघरातून माशांचा वास कुंपण ओलांडून आमच्याकडे यायचा आणि मी खिडकी लोटून घ्यायचे. आता तोच वास आमच्या अंगणातून उठतो, कुंपणावरून जातो आणि त्यांच्या बंद खिडकीशी थोडा थांबतो... असं मला वाटतं.