बेंजोवरच्या सात टिकल्या

टिकल्या न्हाईत! बेंजोच्या बटनांवर एक बी टिकली न्हाई! मी वरचा रुमाल काढला, झटकला, खाली बी बघितलं. समोर शे-दीडशे मानसं बसल्याली. शेजारी सासूबाईंनी डोळं मिटून हात जोडल्यालं, आता तोंड उघडनार. आन् मला सा कुठला, रे कुठला, काय बी कळंना. मागं बघितलं तर माझी दहा महिन्यांची पोरगी सतरंजीवर बसून खुदूखुदू हसतीया. गालांवर दोन टिकल्या, कपाळावर दोन, नाकावर एक, गुडघ्यावर एक. सहा झाल्या. हुत्या सात. सातवी कुठाय? गिळली का काय? मी तिच्या तोंडात बोट घातलं, तर चावली.

थांबा, आदी पहिल्यापास्नं सांगते.

आमी साताऱ्यात ऱ्हातो. मालक एमायडीशीत कामाला हायत. सासूबाईंना मी आत्ती म्हनते. आत्ती गल्लीतल्या बायकांच्या भजनात गात्यात, लय ग्वाड गात्यात. पन माहेरात कवा तोंड उघडलं न्हाई. ल्हानपनी त्या गायला लागल्या की थोरला भाऊ म्हनायचा, "बारके, थांब, म्हशी दावी तोडतील." सगळी हसायची. ते जे मनात बसलं ते बसलंच. आता तासगावकडं त्याच भावाच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली, आन् आत्तींनी सोताहून सांगितलं, "दुपारच्या भजनात मी औंधच्या यमाईदेवीचं गानं म्हननार." आईकडनं शिकल्यालं गानं. एवढं एकदा म्हनायचंच, असं त्यांनी मनात धरल्यालं.

मागं बेंजो वाजवायला कोन? गल्लीत बेंजो एकच, शेजारच्या फौजीकाकांचा. फौजीकाका मिलिटरीच्या बँडात हुते, आता रिटायर. पन गुडघ्यानं त्यांना एस्टीत बसवत न्हाई. ते म्हनले, "सूनबाईला शिकवतो. महिन्यात तयार."

मी? मी सातवीतनं शाळा सोडल्याली. बँकेत सही करताना बी मी दोनदा चुकते. पन आत्ती माझ्याकडं अशा बघत हुत्या की मला न्हाई म्हनवंना.

बेंजोला टायपायच्या मशीनवानी बटनं असत्यात. डाव्या हातानं बटन दाबायचं, उजव्या हातानं नखीनं तारा छेडायच्या. काकांनी सारेगम वहीत लिहून दिलं, पन मी वाचूस्तवर गानं म्होरं गेल्यालं असायचं. मंग मीच डोकं चालवलं. सात बटनांवर सात रंगांच्या टिकल्या लावल्या. मंग गानं म्हनजे लाल, लाल, हिरवी, सोनेरी, परत लाल. असं सगळं गानं मी रंगानं पाठ केलं. काका कपाळाला हात लावून म्हनले, "अशी ट्रेनिंग पलटनीत कुनी बघितली न्हाई!"

गानं बसलं, पन मागं ऱ्हायाला काय जमंना. मला भ्या वाटलं की मी जोरात वाजवते आन् पळते. आत्तींनी एक ओळ म्हनूस्तवर माझी दुसरी संपल्याली. काका वरडायचे, "मागं! सूनबाई, मागं! तुमी बॅकअप हाय, बॅकअप! ओव्हरटेक न्हाई करायचं!" आत्ती तर एकदा गानं थांबवून म्हनल्या, "अगं बाई, मी गातीया का तू? मला जरा जागा ठिव की." मी दोन दिवस रुसले हुते.

निघायच्या आदल्या दिशी काकांनी तारा आत्तींच्या सुराला जुळवून दिल्या. म्हनले, "बटन न दाबता मोकळी तार वाजली की समजायचं, हाच ह्यांचा सा. हितनंच त्यांचं घर सुरू होतंय."

आन् आता त्या वास्तुशांतीला, बेदाना वाळवायच्या रिकाम्या शेडात, माझ्या म्होरं नुसती काळी बटनं!

मामी, म्हनजे त्या थोरल्या भावाची बायको, पटकन म्होरं आल्या. पोरीला उचललं, तोंड उघडून बघितलं. "काय न्हाई तोंडात. तू वाजीव गं बाय." मागनं थोरला मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हनला, "व्हय रं, म्हशी लांब बांधल्याता न्हवं?" सगळी हसली. आत्तींनी एक डोळा उघडून मामाकडं बघितलं, परत मिटला. पन त्यांनी सुरू केलं.

बटनाला हात लावायचं माझं धाडसच झालं न्हाई. एक बटन चुकलं असतं तर मामानं आत्तींना जलमभर सोडलं नसतं. म्हनून नुसती मोकळी तार छेडत बसले. झुंई, झुंई. ती बी हळू, भीत भीत.

दुसऱ्या कडव्याला आत्ती अडकल्या. आई आठवली असंल. घरी असते तर अशा टायमाला मी चार ओळी म्होरं पळाले असते. पन आता जायाचं कुठं? मला वाट एकच ठावी हुती. झुंई, झुंई. आत्तींनी पदरानं डोळं पुसलं, जरा ऐकलं, आन् त्याच सुरावर कडवं परत उचललं. असं उचललं की माझ्याच अंगावर काटा आला.

गानं संपलं तवा मामा उठून उभा. मला वाटलं, आता म्हशी काढतोय. तर म्हनला, "बारके, आईवानी म्हनलंस गं. आजून एक म्हन."

सातवी टिकली घरी आल्यावर फोटोत घावली. हिरवी. माझ्याच हनुवटीवर! पोरीनं कवा चिकटवली देव जाने. मी सगळ्यांम्होरं तशीच बसले हुते, आन् एका बाईनं बी सांगितलं न्हाई.

काकांनी मोबाईलवर व्हिडिओ बघितला आन् मला कडक सॅल्यूट ठोकला. "शाब्बास! बटनाला हात न्हाई! काय कंट्रोल!" आत्ती तर सगळ्या गल्लीत सांगत्यात, "माझ्या सुनंनं मला जागा ठिवली, म्हनून मी गायले." आता औंधला, यमाईच्या देवळात गायचं ठरवून बसल्याता. मला म्हनल्या, "तितं बी तसंच वाजीव गं. तुझं ते असलं की मला भ्या वाटत न्हाई."

मला वाटतंय, खरं सांगून टाकावं. तो कंट्रोल न्हवता, मीच भ्याले हुते. पन सांगितलं आन् त्यांचा धीर सुटला तर? इतक्या वर्सांनी त्यांचा गळा मोकळा झालाय. आन् न्हाई सांगितलं, तर त्या गल्लीभर माझं कवतिक करत्यात आन् मी खाली बघून भाकरी थापते. आता टिकल्याबिगर बी मला समदी बटनं येत्यात, औंधला ती दाबू का नको, हे बी कळंना.

तुमी माझ्या जागी असता, तर काय केलं असतं वो?