लोक काय लिहून शोधतात

आमच्या ह्यांना पक्षाघाताचा झटका आला तो डोंबिवलीच्या घरी, सकाळी पेपर वाचताना. हातपाय हळूहळू बरेच सावरले, पण वाचा गेली. समजायचं सगळं, शब्द मात्र एकच यायचा, 'चावी'. पाणी हवं असलं तरी चावी आणि पंखा बंद करायचा असला तरी चावी. एमआयडीसीतल्या कारखान्यात यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून ज्यांनी अख्ख्या शेडकडून काम करून घेतलं, ते त्या एका शब्दाशी झटापट करून शेवटी भिंतीकडे तोंड करून पडायचे.

ठाण्यात माजिवड्याजवळ स्पीच थेरपी सुरू केली. तिथल्या मॅडम सांगायच्या, एका वेळी एकच प्रश्न विचारा, 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर येईल असा विचारा आणि मग गप्प बसून वाट बघा. घरी ते करताना काय जमलं, काय फसलं, हे मी लिहू लागले. मुलीने ब्लॉग काढून दिला. मी शाळेत मराठी शिकवलेलं, त्यामुळे शीर्षकं सुचायची 'अबोल दुपार', 'शब्दांच्या काठावर' अशी. प्रत्येक लेख 'मनातलं' या एकाच कॅटेगरीत जायचा. टॅगचा रकाना रिकामाच असायचा, कारण तो कशासाठी असतो हे मला ठाऊक नव्हतं. वाचणारे म्हणजे माझ्या दोन मैत्रिणी आणि मुलगी.

मग एक दिवस ब्लॉगवरच्या ईमेलवर खडवलीहून कुणा बाईने आपला नंबर पाठवला. खाली एवढंच, 'फोन करा'. मी केला.

"काकू, होतात कुठे तुम्ही इतके दिवस?" हे तिचं पहिलं वाक्य. तिचा नवरा टेम्पो चालवायचा, अजून चाळिशीही न गाठलेला, आणि दुखणं अगदी आमच्यासारखंच. "मी किती शोधलेलं! 'लकवा झाल्यावर बोलत नाही', 'लकवा बोलणं कधी येणार'. तुमचं काही आलंच नाही. काल नाचणीची पेज घट्ट कशी करायची ते बघत होते, ह्यांना पातळ प्यायलं की ठसका लागतो ना. त्यात तुमचं पान आलं. मग सगळं वाचत बसले. आधी मिळालं असतं तर मी त्यांच्यावर एवढी ओरडले नसते हो."

फोन ठेवल्यावर मी माझ्याच ब्लॉगवर 'लकवा' हा शब्द शोधला. एकदाही नव्हता. मी सगळीकडे 'पक्षाघात' लिहिलं होतं. 'नाचणीची घट्ट पेज' हे सगळ्या ब्लॉगवरचं एकमेव सरळ शीर्षक होतं, आणि तेवढंच तिला सापडलं होतं.

संध्याकाळी मुलीला म्हटलं, "मला सगळे लेख परत लावायचेत. शिकव."

"आई, आता ब्लॉग कोण वाचतं? रील कर त्यापेक्षा."

"जी वाचते ती खडवलीत बसलीय. तू शिकव."

तिने शिकवलं. कॅटेगरी म्हणजे ब्लॉगचे मोठे भाग, ते थोडेच ठेवायचे. टॅग म्हणजे त्या लेखात नेमकं काय आहे ते. "पण नुसत्या टॅगने गुगलवर काही होत नाही हं. तेच शब्द शीर्षकात आणि मजकुरात हवेत. टॅग असतो तो आत आलेल्याला पुढचं सापडायला."

मी जोरात सुरुवात केली आणि अतिरेक केला. दिसेल त्या लेखाला लकवा, बोलणं, व्यायाम, घर, सगळे टॅग लावून टाकले. दोन दिवसांत खडवलीहून फोन. "काकू, 'लकवा' दाबलं तर तुमच्या उकडीच्या मोदकांचं आलं!" त्या मोदकांच्या लेखात ह्यांनी गणपतीला पहिल्यांदा 'मोरया' म्हटल्याची गोष्ट होती, पण घाईत असलेल्या बाईला त्याचं काय? मी सगळे टॅग काढले आणि पुन्हा पहिल्यापासून बसले.

या वेळी आधी लोकांना विचारलं. माजिवड्याला थेरपीसाठी नंबर यायची वाट बघत बसलेल्यांपैकी एकेकाला मी विचारायची, "तुम्ही फोनवर काय लिहून शोधलंत?" एक आजोबा म्हणाले, "मी लिहीत नाही, बोलतो. म्हणतो, मिसेसला ऐकू येतं पण बोलत नाही." शेजारची बाई म्हणाली, "आमच्याकडं वाचा बसली म्हणतात." कुणी 'तोंड वाकडं', कुणी 'जीभ जड'. 'पक्षाघात' एकानेही म्हटलं नाही.

मग 'अबोल दुपार' गेली. त्या जागी आलं 'बोलता येत नसेल तर हो-नाही कसं विचारायचं'. शीर्षक पुसताना जिवावर आलं, पण पुसलं. कॅटेगऱ्या ठरल्या चार, बोलणं, खाणं-गिळणं, घरातलं रोजचं आणि सांभाळणाऱ्यांसाठी. 'मनातलं' बंद.

हे काम मी ह्यांच्या शेजारी बसूनच करायची. एकेक शीर्षक वाचून दाखवायची, ते मान हलवायचे. एका लेखापाशी त्यांनी टेबलावर हात आपटला. रात्रीची लघवी, ओले कपडे, चादरी यांबद्दलचा लेख होता तो. 'मनातलं'मध्ये गाडलेला होता तोवर त्यांची हरकत नव्हती. आता मी त्यावर ठळक टॅग लावत होते.

"अहो, पण लोकांना हेच विचारायचं असतं आणि विचारता येत नाही."

पुन्हा हात आपटला. डोळ्यांत पाणी. मी तो लेख काढून टाकला. हट्ट मला करायचा होता, पण लाज त्यांची होती, माझी नव्हती.

दिवाळीनंतर खडवलीची ती दोघं आमच्याकडे आली. तिचा नवरा दारातच घुटमळला. ह्यांनी त्याला हात धरून आत आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं. दोघं टीव्हीवरची मॅच बघत होते. स्वयंपाकघरात तिने इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "काकू, रात्रीचं कपड्यांचं कसं करता? ह्यांना लाज वाटते म्हणून ते संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत."

मी तिला सगळं सांगितलं. बाहेर आले तर ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता. त्यांनी सगळं ऐकलं असणार. ते त्या तरुण माणसाकडे बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या लॅपटॉपकडे बोट केलं.

"हा... टाक," म्हणाले.

"काय टाकू?"

"टाक ना!" अगदी पूर्वीच्या चिडक्या सुरात.

मला कळायला क्षणभर लागलं. मग मी त्यांच्यासमोरच तो लेख परत आणला आणि वाचून दाखवला. 'घरातलं रोजचं' कॅटेगरीत ठेवला, 'लकवा' आणि 'रात्रीची लघवी' असे दोनच टॅग लावले. त्यांनी मान डोलावली आणि पाण्याचा ग्लास उचलून त्या मुलाच्या हातात दिला. तो प्यायला.

आज सर्वांत जास्त वाचला जातो तो हाच लेख. नाशिकहून, सोलापूरहून, कुठून कुठून लोक लिहितात. काय शोधत लोक आपल्या ब्लॉगवर आले तेही बघता येतं, मुलीने दाखवलंय. रोज दुपारचा चहा झाला की मी ते बघते. नवा शब्द दिसला आणि त्याचं उत्तर आपल्याकडे असलं, तर तो त्या लेखात घालते. नसलं, तर लिहायला घेते.

परवा एक ओळ दिसली, 'आईला लकवा मी एकटीच आहे काय करू'. याचं उत्तर माझ्या एकाही लेखात नव्हतं. मी चष्मा पुसला, ह्यांना म्हटलं, "जरा थांबा हं, आज जेवायला उशीर होईल," आणि नवं पान उघडलं.